नीना गुप्ताचं जुनं काम मायले दाखवाचं आहे, कुठून सुरू करू? (अन् मनातली एक गोष्ट बी विचाराची आहे)

पऱ्हाटीवाली

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातली, दारव्ह्याकडची. माह्या मायले पंचायत सिरीयल लय आवडते. संध्याकाळी तुरीची डाळ निवडत बसते, मोबाईल कणकीच्या डब्याले टेकवून ठेवते अन् मंजू देवी (गावची प्रधान म्हणजे सरपंच, नीना गुप्तानं केलेली) आली की हात थांबतो मायचा. सुपात डाळ तशीच. पहिल्या सीझनच्या शेवटी २६ जानेवारीले मंजू देवीले झेंडा फडकवून राष्ट्रगीत म्हणाव लागते, तो भाग तिनं किती वेळा पाह्यला असन मोजलं नाई मी. माय सातवी शिकलेली आहे, बचत गटाची सचिव आहे, पण चार लोकात बोलाचं म्हटलं की अजून बी घसा कोरडा पडते तिचा, म्हणून तिले ते लय जवळचं वाटते असं मले वाटते.

तं झालं असं की मागच्या आठवड्यात मी तिले सहज सांगतलं की ह्या बाईनं ४९ व्या वर्षी लग्न केलं. माय एकदम माह्याकडं पाहायले लागली. म्हणे खरं काय? मी म्हटलं हो, २००८ मधे. मग काई बोलली नाई, डाळ निवडत राहिली, पण रात्री झोपाच्या टायमाले पुन्हा विचारलं, "त्या बाईले लेकरू होतं ना पहिलेच? मग लेकीनं काई म्हटलं नसन?"

माह्या पोटात कालवलं. कारण मले समजलं ते कोणाबद्दल विचारून राहिली होती.

बाबाले जाऊन आता ११ वर्षं झाले. वावरात साप चावला, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. माय तेव्हा ४३ ची होती, आता ५४. बाजूच्या गावात एक काका आहेत, पोस्टात होते, आता रिटायर झाले, त्याईची बायको बी जाऊन बरेच वर्षं झाले, एक लेक आहे ती नागपूरले दिली. बाबा गेल्यावर बँकेची स्लिप कशी भराची, बाबाच्या विम्याचे कागद कुठं द्याचे, हे सगळं मायले त्याईनंच शिकवलं. घरात कधी येऊन बसले नाई, ओट्यावरच उभं राहून बोलत. माय त्याईले कधी लोणचं, कधी कुरडया पाठवते डब्ब्यात, अन् तो डब्बा परत येताना कधीच रिकामा येत नाई. कधी भेंडीचं बी, कधी चार लिंबं, एकदा तं त्यात मायच्या चष्म्याची नवी दांडी होती, जुनी तुटली हे त्याईनं पाह्यलं असन.

मले काई वाईट वाटत नाई, उलट बरं वाटते. पण हा विषय काढाचा कसा? भाऊ पुण्याले कंपनीत आहे, त्याचं काय होईन माहीत नाई. म्हणून वाटलं आधी नीना गुप्ताची पूर्ण गोष्ट मायले सांगाव, तिचं जुनं काम दाखवाव, म्हणजे बोलणं आपोआप निघन. मी तं तिले बधाई हो सिनेमापासूनच ओळखते. जाणकार लोक सांगा.

आर्वीची_काकू

पोरी, तुझं वाचून डोळे भरून आले गं. आधी तुझ्या सिरीयलच्या प्रश्नाचं उत्तर देते, मग बाकीचं.

आम्ही लग्न होऊन नवीन नवीन आर्वीत राहात होतो, तेव्हा टीव्ही म्हणजे दूरदर्शनच. नीना गुप्ताला मी पहिल्यांदा पाहिलं ते खानदान मधे, १९८५ ची गोष्ट. त्यानंतर श्याम बेनेगलांची यात्रा आली, रेल्वेवरची, हिमसागर एक्सप्रेस तेव्हा कन्याकुमारीहून जम्मूला जायची त्या प्रवासाची. त्यात ओम पुरी होते आणि ही पण होती. मग १९८८ मधे गुलजारांचं मिर्झा गालिब, नसीरुद्दीन शहा गालिब आणि ही नवाब जान, गालिबवर जीव लावणारी गाणारी. ते काम बघ नक्की. एक सांगते, त्या काळात हिला सिनेमात फार मोठ्या भूमिका मिळत नव्हत्या, टीव्हीनंच तिला घराघरात नेलं. दिल्लीची मुलगी, संस्कृतमधे एम ए, मग राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेली, म्हणून जीभ अशी स्वच्छ आहे तिची.

पण तुझ्या आईला दाखवायचं असेल तर सांस दाखव. १९९८, स्टार प्लस. हे बघ, तिनं स्वतः ते लिहिलं, स्वतः दिग्दर्शन केलं आणि मुख्य भूमिका पण स्वतःच केली. प्रिया तिचं नाव. नवरा कंवलजीत सिंग, तो दुसऱ्या बाईत गुंततो आणि ही दोन लेकरं घेऊन संसार सांभाळत राहते. आता हे ऐकून वाटेल की रडारड असेल, तर नाही. ती भांडते, चिडते, मग हळूहळू स्वतःच्या पायावर उभी राहते, आणि दुसरी बाई पण राक्षसीण दाखवली नाही, ती पण माणूसच. तेव्हा आमच्याकडे केबल नवी आलेली, पूर्ण गल्लीत तीन घरी कनेक्शन, सांसच्या वेळी आमच्या समोरच्या खोलीत पाच सहा बायका सतरंजीवर बसायच्या. त्यातल्या एकीचा नवरा खरोखरच तसा होता, सगळ्यांना माहीत होतं. ती कधी काही बोलली नाही पण एकही भाग चुकवला नाही तिनं. मी चहा द्यायची तर कप तसाच हातात गार व्हायचा. तो गार चहा अजून आठवतो मला.

आता तिच्या आयुष्याचं. १९८९ मधे तिला मुलगी झाली, मसाबा. वडील वेस्ट इंडीजचे क्रिकेटपटू व्हिव रिचर्ड्स, पण लग्न नाही झालं त्यांचं, ते आधीच विवाहित होते. १९८९ गं. आज कोणी केलं तरी गावभर होतं, तेव्हा काय झालं असेल विचार कर. तिनं लपवलं नाही. तिचे वडील दिल्ली सोडून मुंबईला आले नातीला सांभाळायला. मला तिच्या गोष्टीत सगळ्यात मोठा माणूस तो बाप वाटतो. विवेक मेहरा म्हणजे तिचा नवरा, दिल्लीचा चार्टर्ड अकाउंटंट, विमान प्रवासात ओळख झालेली, आणि ओळख झाली आणि लगेच लग्न केलं असं नाही, बरीच वर्षं गेली मधे. लग्न अमेरिकेत केलं, २००८. त्यानंतर पण ती मुंबईत कामाला आणि तो दिल्लीत, लॉकडाऊनमधे दोघं उत्तराखंडात मुक्तेश्वरच्या घरी राहिले तेव्हा कुठं सलग एकत्र राहणं झालं.

म्हणून तुझ्या आईला हेही सांग की उशिरा लग्न केलं म्हणजे आपलं सगळं सोडून दुसऱ्याच्या घरी जायचं असं काही नसतं. तिचं घर, तिचं वावर, तिचा बचत गट, सगळं राहू शकतं.

बैलबंडी

ताई राग मानू नका, पण मले बोलाव लागन. नीना गुप्ताची गोष्ट चांगली आहे, मी बी पंचायत पाह्यतो, पण ती मुंबईची बाई, तिच्याकडं पैसा, नाव, ओळख. आपल्या गावात सोयरे आहेत, भाऊबंद आहेत, उद्या तुमचं लग्न निघालं तं पाहुणे काय विचारतीन? मी वाशीम जिल्ह्यातला. माह्या मोठ्या मावशीनं असं केलं होतं, ४७ वर्षाची असताना, माणूस बी चांगला होता. तिच्या दिरानं दोन वर्षं तिले विहिरीवर पाणी भरू देलं नाई, वाटेत बंडी आडवी लावत होता. मावशी खचली नाई पण तिची लेक खचली, तिच्या शाळेतल्या पोरी बोलत होत्या तिले. म्हणून म्हणतो, टीव्हीवरच्या बाईचं उदाहरण देऊन मायले पुढं ढकलू नका, आधी जमीन पाहा पायाखालची. वाईट हेतूनं सांगत नाई, मावशीचं मी डोळ्यानं पाह्यलं.

आर्वीची_काकू

भाऊ, तुमच्या मावशीचं वाचून वाईट वाटलं, आणि तुम्ही सांगितलं ते बरं केलं. पण नीना गुप्ताकडे पैसा, नाव होतं म्हणून सगळं सोपं झालं हे मात्र मला पटत नाही. २०१७ मधे तिनं इंस्टाग्रामवर उघड लिहिलं होतं की मी मुंबईत राहते, चांगली अभिनेत्री आहे आणि चांगल्या कामाच्या शोधात आहे. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेली बाई, ५८ व्या वर्षी सगळ्यांसमोर काम मागते. लोक काय म्हणतील हे तिला पण होतंच ना. त्याच्यानंतर बधाई हो आला २०१८ मधे, त्यात तर ती पन्नाशी उलटलेली बाई, गरोदर राहते, घरातले मोठे मुलगे लाजतात. त्यासाठी फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कार मिळाला. मग पंचायत २०२० ला. मग ऊंचाई सिनेमासाठी राष्ट्रीय पुरस्कार, २०२४ मधे हातात मिळाला. माणूस साठीला कामातून उतरतो आणि हिचं खरं काम तिथून सुरू झालं.

आणि गावातली गोष्ट म्हणाल तर आमच्या आजेसासूबाई सांगायच्या की त्यांच्या लहानपणी कुणब्यात, माळ्यात, बाकी कितीतरी जातीत पाट लागायचा. विधवा बाईचा पाट लावत, रात्री लावत, वाजंत्री नाही, पण लावत. वाळीत टाकत नव्हते. मोठ्या घरच्यांसारखं व्हायचं म्हणून आपणच ते सोडलं. त्यामुळे हे मुंबईहून आलेलं खूळ आहे असं म्हणू नका, हे आपल्या वावरातलंच आहे, मधे पडीक पडलं होतं.

सातबारा

पऱ्हाटीवाली ताई, मी तहसीलच्या बाहेर अर्ज लिहून देण्याचं काम करतो, अशा केसेस पाहिल्या आहेत, म्हणून कागदाचं सांगतो. भाऊबंद पहिली भीती हीच घालतात की लग्न केलं तर जमीन जाईल. तसं नाही.

तुमचे बाबा वारल्यावर जो हिस्सा फेरफार (जमिनीच्या नोंदीत नाव बदलणं) होऊन आईच्या नावावर चढला तो तिचा पूर्ण मालकीचा आहे, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम १४. नंतर लग्न केलं म्हणून तो काढून घेता येत नाही. जुन्या कलम २४ चा धाक काही लोक दाखवतात, पण ते मेलेल्या मुलाच्या बायकोसारख्या विधवांपुरतं होतं, तेही वारसा उघडायच्या, म्हणजे जमीनवाला वारायच्या आत लग्न केलं असेल तरच, आणि ते कलमच २००५ मधे काढून टाकलं. एकदा सातबारा आणि फेरफार काढून बघा, आईचं नाव वारस म्हणून नीट लागलं आहे का. पुष्कळ घरी ते लागलेलंच नसतं, फक्त मुलाचं असतं, आणि खरी अडचण तिथं निघते.

संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याचे १५०० आईला येत असतील तर ते लग्नानंतर बंद होतील, लपवून चालू ठेवू नका, नंतर वसुली निघते आणि तेव्हा गावात जास्त बोलणं होतं. त्या काकांच्या पेन्शनचं त्यांच्या जुन्या ऑफिसात विचारावं, लग्नानंतर बायकोचं नाव तिथं लावावं लागतं.

लग्न घरी विधीनं केलं तरी नोंदणी करा, गावात ग्रामसेवकाकडेच होते. दोघांच्या आधीच्या जोडीदाराचे मृत्यूचे दाखले लागतील, ते आधीच काढून ठेवा. विशेष विवाह कायद्यानं करायचं असेल तर ३० दिवसाची नोटीस ऑफिसात लागते, म्हणजे महिनाभर ज्याला वाचायची तो वाचतो, त्याची मनाची तयारी ठेवा.

मेंबरबाई

मी ग्रामपंचायत सदस्य आहे, अमरावती जिल्हा. वर मंजू देवीचं वाचलं म्हणून लिहून राहिली. आपल्या महाराष्ट्रात पंचायतीत अर्ध्या जागा बायांच्या, पण मीटिंगले नवराच जाऊन बसते, रजिस्टर घरी येते सहीले. त्या सिरीयलमधे कलेक्टर मॅडम येऊन मंजू देवीच्या नवऱ्याले विचारते ना की प्रधान कोण, तुम्ही का ती, ते पाहून मी माह्या नवऱ्याले म्हटलं पुढच्या मीटिंगले तुम्ही घरी राहा. राहिले ते. नीना गुप्तानं ती बाई काई हुशार वगैरे करून दाखवली नाई, पदर सावरते, घाबरते, चुकते, मधेच थांबते अन् मग पूर्ण म्हणते. म्हणून खरी वाटते.

तुमच्या मायबद्दल एक सांगते. २०२२ मधे कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ग्रामसभेत ठराव घेतला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवे काढणं बंद. त्याच महिन्यात शासनानं परिपत्रक काढलं की बाकी गावानं बी असं कराव. आमच्या ग्रामसभेत मी विषय मांडला तं बाप्ये काई बोलले नाई, एक म्हातारी उठून म्हणे, "माह्या टायमाले काऊन नाई आणला हा कागद?" सगळे चूप. ठराव झाला. तुमच्या गावात झाला नसन तं ग्रामसेवकाले विचारा, त्यानं बोलाले एक दार उघडते. हळदीकुंकवाले मायले आधी बोलवा, लग्नाचं मग पाहू.

वऱ्हाडी_वाचक

नीना गुप्तांसोबत एक नाव आणखी सांगा आईला, आणि ते तर मराठी आहे. सुहासिनी मुळे. लगान मधे आमिर खानची आई, यशोदामाई, लगेच ओळखेल ती. १९६९ मधे मृणाल सेनच्या भुवन शोम मधली खेड्यातली पोरगी गौरी तीच, उत्पल दत्त समोर. मग कितीतरी वर्षं पडद्यापासून दूर राहून माहितीपट केले आणि १९९९ च्या हू तू तू साठी राष्ट्रीय पुरस्कार. तिची आई विजया मुळे, दूरदर्शनवर लागायचं ते एक अनेक और एकता, एक चिडिया अनेक चिडिया, ते त्यांचं काम, १९७४ चं.

सुहासिनीताईंनी लग्न केलं १६ जानेवारी २०११ ला, वय ६०. नवरा अतुल गुर्टू, भौतिकशास्त्रज्ञ, आधीची पत्नी वारलेली. ओळख झाली फेसबुकवर. एवढंच सांगायचं होतं, ४९ ला उशीर म्हणत असाल तर हे ६० चं आहे.

पऱ्हाटीवाली

सगळ्याईचे लय लय आभार. चार दिवस लिहू शकली नाई, कापूस वेचणी चालू आहे, मजूर मिळून नाई राहिले, मीच जात होती.

बैलबंडी भाऊ, तुमचा राग नाई आला. तुमच्या मावशीचं मी मायले सांगतलं बी, लपवलं नाई. वाचून दाखवलं तुमचं पूर्ण. माय म्हणे, "त्या मावशीले विचार म्हणा, पाणी बंद झालं तेव्हा तो माणूस कुठी होता." जमलं तं सांगजा, माय वाट पाहून राहिली उत्तराची.

सांस चे भाग मिळाले थोडेफार, तुटक तुटक, आम्ही तीन पाह्यले. प्रिया नवऱ्यासाठी जेवण झाकून ठेवून वाट पाहते असं काई आलं की माय म्हणे खाऊन घे वो बाई. मोबाईलले म्हणे. आर्वीच्या काकू, पाटाचं मी सांगतलं तं माय एकदम बोलती झाली, म्हणे माह्या आजीच्या बहिणीचा पाट लागला होता अन् ती बुढी ९० वर्षं जगली, तिले सगळे इज्जतीनं मोठी माय म्हणत. इतके वर्षं हे मले कधी सांगतलंच नव्हतं. मीच मग विचारलं. सरळच विचारलं, काकाबद्दल. ती बराच वेळ बोटानं सुपातले खडे वेगळे करत राहिली. मग म्हणे, "मी काई तरणी नाई आता. मले कोणी पोसाव असं बी नाई. पण संध्याकाळी कोणाले तरी सांगावसं वाटते की आज काय झालं ते."

मी म्हटलं मले सांगते ना. तं म्हणे तू उद्या जाशील.

भावाले मी फोन केला. तो आधी चूप झाला अन् मग त्यानं फोन ठेवला. मी रडली. दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला, मले नाई, मायले. काय बोलले माहीत नाई, माय वावराच्या धुऱ्यावर जाऊन बोलत होती, मी लांबून पाह्यत होती, तिनं पदरानं डोळे पुसले अन् मग हसली बी. अजून तो हो म्हटला नाई. दिवाळीले येतो म्हणे, काकाले भेटतो म्हणे.

सातबारा दादा, तुम्ही म्हटलं ते खरं निघालं. फेरफारात मायचं नाव नाईच, फक्त भावाचं आहे. भाऊच म्हणे की तलाठ्याकडं जाऊन अर्ज दे, मी सही करतो. तो अर्ज कसा लिहाचा ते सांगा दादा, तुम्हाले मेसेज करते.

अन् काल मायनं काकाले स्वतःच फोन लावला. माह्यासमोर. म्हणे रविवारी जेवाले या, अन् नागपूरची लेक येत असन तं तिले बी आणा. तिकडून काय म्हटलं ऐकू नाई आलं, पण माय म्हणे, "नाई, ओट्यावर नाई, आत."

आता ती अंगणात बसून भरीताचे वांगे निवडून राहिली, तीन किलो आणले, पाच माणसाले.